गोलात वाढलेल्या पेशी : प्रस्तावना

1980 च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनच्या टफ्ट्‌स विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत पेशी नको तेव्हा वाढू लागल्या. आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे एमसीएफ-7 नावाच्या पेशींवर काम करत होते. स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मिशिगनमधल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून 1970 मध्ये मिळालेल्या या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदत आहेत. इस्ट्रोजेन मिळाले की त्या भराभर दुणावतात, काढून घेतले की थंड पडतात. पण इथे इस्ट्रोजेन कोळशाने शोषून काढलेल्या द्रवातही त्या वाढत सुटल्या. हार्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या, सगळ्या प्लेटींत सारखीच गर्दी. बाहेरून इस्ट्रोजेन शिरले कुठून, म्हणून एकेक वस्तू तपासली गेली आणि शेवटी संशय आला तो द्रव साठवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर. नळ्या बनवणाऱ्या कंपनीने प्लॅस्टिकची कृती बदलली होती. नव्या कृतीत काय आहे ते सांगायला तिने नकार दिला, तेव्हा या दोघांनी स्वतःच नळ्यांतून पाझरणारा पदार्थ वेगळा काढला. तो निघाला नोनिलफेनॉल. 1991 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्याच अपघातातून त्यांनी एक चाचणी उभी केली : संशयित रसायन एमसीएफ-7 पेशींना द्यायचे आणि काही दिवसांनी पेशी मोजायच्या.

हा एकच अपघात असता तर तो गमतीचा किस्सा म्हणून राहिला असता. पण 1986 मध्येच असे दिसले होते की पेशींच्या द्रवाला लालसर रंग यावा म्हणून घातले जाणारे फिनॉल रेडसुद्धा या पेशींवर इस्ट्रोजेनसारखे काम करते. 1993 मध्ये स्टॅनफर्डला डेव्हिड फेल्डमन यांच्या गटाला वाटले की यीस्ट इस्ट्रोजेनसारखा काही पदार्थ तयार करते आहे. प्रत्यक्षात तो वाफेवर निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या भांड्यातून झिरपलेला बिस्फेनॉल ए होता. ज्या रसायनांचा शोध घ्यायचा तीच प्रयोगाच्या भांड्यांतून आत येत होती. पुढच्या प्रकरणांत जे काही वाचायला मिळेल ते या पार्श्वभूमीवर वाचावे, कारण या क्षेत्रात भांडे कधीच निर्विकार नसते आणि पेशी कशावर, कशात वाढवल्या हा प्रश्न तळटीपेतला नाही.

आता मूळ विषयाकडे. हार्मोनच्या कामात लुडबुड करणारी रसायने ही नेहमीच्या अर्थाने विषे नव्हेत. विषाने पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी मोजणे सोपे असते. लुडबुड करणारे रसायन पेशीला बहुधा मारत नाही. ते तिला चुकीचा निरोप देते किंवा खरा निरोप पोहोचू देत नाही. शरीरातल्या या निरोपांची मात्रा विलक्षण कमी असते. रक्तातले इस्ट्रोजेन मोजायचे ते पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. इतक्या हलक्या आवाजात चाललेल्या संभाषणात बाहेरचा माणूस किंचित कुजबुजला तरी गोंधळ होतो. शिवाय हा गोंधळ केव्हा झाला यावर सगळे अवलंबून असते. प्रौढ शरीर जे पचवते ते गर्भातल्या जिवाला आयुष्यभर पुरते.

याचा सर्वांत दारुण दाखला डीईएसचा आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन 1938 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. (बिस्फेनॉल एमध्ये इस्ट्रोजेनचा गुण आहे हेही डॉड्स यांनीच 1936 मध्ये दाखवले होते. ज्या पदार्थापासून पुढे जगभर दुधाच्या बाटल्या बनल्या त्याची कुंडली आधीच मांडलेली होती!) गर्भपात टळावा म्हणून लाखो गरोदर स्त्रियांना डीईएस दिले गेले. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या चाचणीत त्याचा काही उपयोग होत नसल्याचे दिसले, तरी ते दिले जात राहिले. 1971 मध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमधून कळवले की तरुण मुलींमध्ये जवळजवळ कधीच न दिसणारा योनीचा एक कर्करोग आठ जणींना झाला आहे, आणि त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते.

डीईएसच्या लेकींपैकी सुमारे हजारात एकीला हा कर्करोग झाला. पण त्यांच्यापैकी कितीतरी अधिक जणींत एक वेगळी खूण सापडली : योनीच्या अस्तरात जिथे थरांच्या चपट्या पेशी हव्यात तिथे ग्रंथीसारख्या पेशी राहून गेल्या होत्या. गर्भात हा बदल वेळेवर घडवून आणायचा निरोप खालच्या संयोजी ऊतीकडून वरच्या अस्तराला जातो. डीईएसने तो निरोप अडवला. पेशी मेल्या नाहीत, बेफाम वाढल्याही नाहीत. त्या फक्त नको त्या रूपात, नको त्या जागी राहिल्या. बिघाड एका पेशीत नव्हता, दोन ऊतींच्या नात्यात होता.

या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद इथून निघतो. नुकसान जर रचनेत होत असेल, तर जिच्यात रचनाच नाही अशी चाचणी ते पकडणार कसे?

आजवरच्या चाचण्यांचा प्रवास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने पर्यावरण संरक्षण संस्थेवर रसायनांची हार्मोनच्या दृष्टीने चाळणी करण्याची जबाबदारी टाकली. पहिल्या फेरीला अकरा चाचण्या ठरल्या. काहींत पेशी, काहींत उंदीर, मासे, बेडूक. त्यातली एक तर जुनी आणि सरळसोट आहे : लहान किंवा अंडाशय काढलेल्या मादी उंदराला काही दिवस रसायन द्यायचे आणि गर्भाशयाचे वजन करायचे. 2015 मध्ये पहिल्या 52 कीटकनाशकी रसायनांचे निकाल लागले आणि त्यांपैकी 18 पुढच्या फेरीसाठी योग्य ठरली. कायदा झाल्यापासून जवळपास वीस वर्षे, बावन्न रसायने. तपासायच्या यादीत साधारण 10,000 आहेत. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही मांडता येईल.

म्हणून यंत्रांकडे वळणे भाग पडले. शेकडो बारीक खळग्यांच्या प्लेटी, त्यात रोबोने रसायन टाकायचे आणि प्रकाशाच्या चमकीवरून निकाल वाचायचा. अशा अठरा वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून 1,800 हून अधिक रसायनांच्या इस्ट्रोजेनपणाचा अंदाज 2015 मध्ये बांधला गेला. ही कामगिरी मोठी आहे आणि तिला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. पण या चाचण्या विचारतात काय ते नीट पाहावे. रसायन इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीत त्याचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटते का? चिकटून जनुक चालू करते का? पेशी वाढवते का? शरीर हे जे प्रश्न सोडवत असते त्यांच्यापैकी हे पहिले काही धडे झाले. डीईएस या परीक्षेत पहिल्याच दिवशी पकडले गेले असते, हे खरे. अडचण येते ती सौम्य, आडवाटेने येणाऱ्या रसायनांची.

कडक प्लॅस्टिकवर वाढणारी पेशी पापडासारखी पसरते. शरीरात तिला तळ असतो, माथा असतो, शेजार असतो. तळाखाली प्रथिनांचा एक मऊ पडदा असतो, माथ्याकडे पोकळी. सपाट प्लेटीत यातले काही उरत नाही, आणि पेशी आपले अर्धे काम विसरते.

हे विसरणे किती खोल जाते याचे माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण थायरॉईडचे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. थायरॉईडच्या पेशी एकेका बारीक गोळीभोवती रांगेने बसलेल्या असतात. त्या थायरोग्लोब्युलिन नावाचे मोठे प्रथिन तयार करून गोळीच्या पोकळीत सोडतात. आयोडीनही तिथेच पाठवतात. आयोडीन प्रथिनाला जोडले जाते ते पेशीच्या पोकळीकडच्या कडेला. मग पेशी तो माल परत आत घेते, तोडते आणि त्यातून थायरॉक्सिन हार्मोन रक्तात सोडते. म्हणजे हार्मोन बनवण्याची मुख्य जागा पेशीच्या आत नाहीच, पेशींनी मिळून घेरलेल्या पोकळीत आहे. घेर मोडला की कारखाना बंद. सपाट प्लेटीत थायरॉईडच्या पेशी जगतात, वाढतात, पण धंदा सोडून देतात. अशा पेशींवर एखादे रसायन टाकून ‘थायरॉईडवर परिणाम नाही’ असे म्हणणे म्हणजे बंद गिरणीत जाऊन पीठ बारीक येते की जाडे ते पाहण्यासारखे आहे. 2020 मध्ये अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मानवी दात्यांच्या थायरॉईड पेशी मऊ जेलच्या आधाराने त्रिमितीत वाढवल्या. पेशींनी पुन्हा घेर धरला, थायरॉक्सिन तयार केले आणि मेथिमॅझोल हे थायरॉईड दाबणारे माहितीचे औषध दिल्यावर ते कमी झाले. गर्भाच्या मेंदूला पहिले काही महिने आईच्याच थायरॉक्सिनवर भागवावे लागते, हे लक्षात घेतले तर या चाचणीचे मोल कळते.

स्तनाच्या पेशींची गोष्ट याहून जुनी आणि अधिक नाट्यमय आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीला मिना बिसेल या जैवशास्त्रज्ञ बाई अनेक वर्षे एकच मुद्दा लावून धरून होत्या : पेशी काय करणार हे नुसते तिच्या जनुकांवर ठरत नाही, ती कशात रुजली आहे यावरही ठरते. आरंभी फार थोड्यांनी ते मनावर घेतले. 1992 मध्ये ओले पीटरसन आणि बिसेल यांनी निरोगी आणि कर्करोगी अशा दोन्ही प्रकारच्या मानवी स्तनपेशी तळपडद्याच्या प्रथिनांनी बनलेल्या जेलमध्ये वाढवल्या. सपाट प्लेटीत ज्यांच्यात फरक करणे जड जाते त्याच पेशी इथे झटकन वेगळ्या ओळखू आल्या. निरोगी पेशींनी लहान, नीटस गोल बांधले आणि वाढ थांबवली. कर्करोगी पेशी वेडेवाकडे ढीग करत राहिल्या. 1997 मध्ये तर बिसेल यांच्या गटाने कर्करोगी पेशींवरचा, त्यांना आधाराशी जोडणारा एक रेणू प्रतिपिंडाने अडवला आणि त्या पेशी पुन्हा शहाण्यासारखे गोल धरू लागल्या. जनुके तीच, चाल बदललेली.

या गोलांना अॅसिनस म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत बाहेरची रांग व्यवस्थित बसते, आतल्या पेशी मरून मधे पोकळी होते. हार्मोनची लुडबुड तपासणाऱ्याला याहून चांगले काय हवे? पोकळी भरून आली, गोल वाकडा झाला, की काही बिघडले आहे. मात्र इथे एक खाचखळगा आहे. अशा प्रयोगांची लाडकी पेशी एमसीएफ-10ए, आणि तिच्यात इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टरच नाही. बहिऱ्याला हाक मारून तो हलला नाही म्हणून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात मार्चेसे आणि सिल्वा यांनी म्हणून एमसीएफ-12ए पेशी घेतल्या, त्यांत रिसेप्टर असल्याचे दाखवले आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केले की इस्ट्रोजेन, बिस्फेनॉल ए आणि सौंदर्यप्रसाधनांत टिकाऊपणासाठी वापरले जाणारे प्रोपिलपॅराबेन या तिन्हींनी गोलांचा आकार बिघडतो. 2019 मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यातल्या शास्त्रज्ञांनी याच पेशींत बिस्फेनॉल एबरोबर बिस्फेनॉल एसही तपासला. दोघांनीही रचना मोडली. पुण्या-मुंबईच्या दुकानांत पाण्याच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर ‘बीपीए-फ्री’चा शिक्का अभिमानाने मिरवतो. त्या शिक्क्याने एवढेच कळते की एक पदार्थ काढला. त्याच्या जागी कोणता भाऊबंद बसवला हे शिक्का सांगत नाही.

यकृताचा मुद्दा लवकर आटोपतो, पण तो विसरून चालणार नाही. मेथॉक्सिक्लोर हे डीडीटीच्या जागी आलेले कीटकनाशक स्वतः फारसे इस्ट्रोजेनसारखे वागत नाही. यकृतात त्याचे एचपीटीई नावाचे रूप होते, आणि ते वागते. यकृत नसलेल्या चाचणीत असे रसायन सहज सुटून जाते. यकृताच्या पेशी सपाट प्लेटीत काही दिवसांतच ही किमया विसरतात. गोळ्यांच्या रूपात वाढवल्या तर आठवडेच्या आठवडे लक्षात ठेवतात. 2017 मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेरेसा वुडरफ यांच्या गटाने उंदराचे अंडाशय आणि माणसाची अंडवाहिनी, गर्भाशयाचे अस्तर, गर्भाशयाचे मुख व यकृत यांच्या ऊती बारीक नळ्यांनी जोडून 28 दिवसांचे पाळीचे चक्र प्रयोगशाळेत चालवून दाखवले. वर्तमानपत्रांना ते फार आवडले. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते यकृत.

एवढे कौतुक झाल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे पुस्तक जाहिरात होईल. ज्या जेलमध्ये हे गोल वाढतात ते मॅट्रिजेल उंदराच्या एका अर्बुदातून काढतात. उंदरांना वाचवण्याच्या चाचणीचा पाया उंदराच्या गाठीवर उभा आहे. शिवाय त्याची प्रत्येक खेप थोडी वेगळी येते, आणि ज्या चाचणीत पिकोग्रॅमचा हिशेब आहे तिथे ‘थोडी वेगळी’ हे शब्द झोप उडवणारे आहेत. बारीक नळ्यांच्या चिपवर वाढवलेल्या ऊतींना, म्हणजे ‘चिपवरच्या अवयवांना’, वापरले जाणारे सिलिकोन तेलकट रेणू शोषून घेते, आणि हार्मोन हे नेमके तेलकट रेणू. आपण दिलेली मात्रा पेशीपर्यंत पोहोचली किती आणि भिंतीत मुरली किती, हे वेगळे मोजावे लागते. टफ्ट्‌सच्या नळ्यांनी तीसहून अधिक वर्षांपूर्वी शिकवलेला धडा उलट्या अंगाने पुन्हा गिरवावा लागतो आहे. वेळेचाही प्रश्न आहे. रोबो एका दिवसात हजारो खळगे वाचतो. अॅसिनसला दोन-तीन आठवडे लागतात आणि वाचायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो. आणि गोल म्हणजे आपोआप खरे असेही नाही. कर्करोगी पेशींचा गोळा हा कर्करोगी पेशींचाच गोळा असतो, त्याला ‘छोटे स्तन’ म्हणणे ही निव्वळ बातमीदारी झाली. सोटो यांच्याच गटाने 2007 मध्ये उंदरांच्या गर्भात दाखवले की बिस्फेनॉल एचा परिणाम जन्माआधीच, अस्तराइतकाच भोवतालच्या ऊतीतही दिसतो. ती भोवतालची ऊती बहुतेक गोलांत नसतेच.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग आता बंदच करता येतील, अशी घोषणा करणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल एची रोजची सुसह्य मर्यादा शरीराच्या दर किलोला 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी खाली. त्यामागचा निर्णायक पुरावा उंदरांच्या प्रतिकारपेशींत झालेल्या बदलाचा होता. स्तनाच्या कोणत्याही गोलाने तो दाखवला नसता. त्रिमितीय पेशींची योग्य जागा, माझ्या मते, दुसऱ्या चाळणीची आहे. रोबोच्या पहिल्या चाळणीतून संशयित म्हणून निघालेली आणि जुन्या पदार्थाच्या जागी घाईने आणलेली रसायने आधी इथे तपासावीत, आणि प्राण्यांपर्यंत फक्त गरजेचीच जावीत. ही जागा छोटी नाही.

आपल्याकडे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना एमसीएफ-7 सारख्या पेशी पुरवल्या जातात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत जन्माच्या आसपास बिस्फेनॉल ए मिळालेल्या नर उंदरांच्या प्रजननक्षमतेवर 2009 च्या सुमारास महत्त्वाचे काम झाले. रायगड जिल्ह्यात रसायनीला सरकारी कारखान्यात डीडीटी बनत असे, आणि शरीरात डीडीटीचे जे रूप उरते ते पुरुषी हार्मोनचा मार्ग अडवते, हे 1995 पासून ठाऊक आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधांच्या नियमांत बदल करून पेशींवरच्या आणि चिपवरच्या चाचण्यांना मान्यता दिली. पण तो नियम औषधांचा आहे. बाटलीच्या प्लॅस्टिकला, पावतीच्या कागदाला, साबणाला तो लागू नाही.

वाचकांना एक विनंती. ‘अमुक रसायन हार्मोन बिघडवते’ किंवा ‘तमुक रसायन निर्धोक ठरले’ अशी बातमी येईल तेव्हा चार गोष्टी शोधा : पेशी कोणत्या होत्या, त्यांत रिसेप्टर होता का, सोबत यकृत होते का, आणि दिलेली मात्रा माणसाच्या अंगात सापडते तेवढी होती का. यातले काहीच लिहिलेले नसेल तर बातमीवर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. घाई असेल त्यांनी थायरॉईडचे प्रकरण आधी वाचावे.